बारकूबायच्या माहेरवाशिणी

बारकूबायला कोणाची लाज काढायची असली की ती आधी पदर खोचायची. मग पुढ्यातली फळी बाजूला सारून उभी राहायची आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायची. नाव बारकूबाय, पण ती उभी राहिली की शेजारी बसलेल्या दोघी गिऱ्हाइकाला दिसत नसत. त्यातली एक मी. भाईंदर पश्चिमेच्या मासळी बाजारात बारकूबाय आणि मी शेजारी बसायचो. गावही एकच, मुर्धा.

"कोपऱ्यात नेऊन बोललं तर माणूस घरी जाऊन विसरतो," ती म्हणायची. "चारचौघांत बोललं की झोपेत पण आठवतं."

ती बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून बोलायची, अंड्यांच्या चिंबोरीवरून.

ज्यांनी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, फक्त ताटात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. चिंबोरी उलटी केली की पोटावर एक झडप दिसते. नराची निमुळती, मादीची रुंद आणि गोल. मादी भरली की कवचाच्या आत केशरी लाख, म्हणजे कच्ची अंडी, तयार होते. गिऱ्हाईक तीच मागतं. "लाखवाली देना मौसी," म्हणतात आणि आम्ही देतो. बारकूबायही द्यायची. पण पुढे अंडी पोटातून बाहेर येतात आणि त्या झडपेखाली घोसासारखी लटकतात. आधी केशरी असतात, मग काळी पडत जातात. अशी मादी बारकूबाय विकू द्यायची नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं, लाखेची चालते तर ही का नाही?

"लाखेचीचं अजून काही ठरलेलं न्हाय," ती म्हणाली. "अंडी बाहेर आली म्हणजे ती बाळंतीण. बाळंतिणीला सुरी लावशील?"

यात अक्कल किती होती ते मला सांगता येणार नाही. पण बाजारानं ते मानलं होतं, कारण न मानणारीची काय गत होते ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

आमच्या पुढच्या ओळीत लीला बसते. तिनं एकदा अंड्यांची चिंबोरी घेतली, कपडे धुवायच्या ब्रशनं अंडी खरवडून काढली आणि इतर चिंबोऱ्यांत मिसळून ठेवली. झडपेखाली दोन-चार दाणे चिकटून राहिले होते. बारकूबायनं ते पाहिले. लीलाची मुलगी तेव्हा सातव्या महिन्यात माहेरी आली होती.

"लीला," बारकूबाय उभी राहून ओरडली, "तुझी पोरगी आलीय ना गो बाळंतपणाला? जा, घरी जाऊन तिच्या पोटावर पण फिरव तो ब्रश!"

लीला रडायला लागली आणि टोपली तशीच टाकून उठून गेली. हे वाईटच बोलणं होतं. मी बारकूबायला तसं सांगितलं. संध्याकाळी लीलाच्या घरी ताजे बोंबील पोचले. बारकूबायला माफी मागता येत नव्हती, तो शब्दच तिच्या तोंडात बसत नसे. चूक झाली की ती बोंबील पाठवायची. माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी यायचे.

चिंबोरी बांधायची तिची रीत बघण्यासारखी होती. इतर बाया पायाखाली चप्पल घेतात. ती अनवाणी पायाच्या अंगठ्यानं कवच दाबून धरायची आणि सुतळीचे दोन वेढे देऊन नांगे आवळायची. तिच्या उजव्या हाताची दोन नखं काळी होती, पण नांगा मोडून चिंबोरी ठेवणं तिला पटत नसे. "कात टाकली की नवा येतो, हे खरं," ती म्हणायची, "पण तोवर ती जेवंल कशानं?" आणि हे म्हणत असतानाच ती चिंबोरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायची, जी रात्री कालवणात जाणार. मी हसायचे. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

आता तिच्या माहेरवाशिणींचं सांगते.

आमच्या गावचे लोक खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या अंगाला जाळी लावतात. अंड्यांच्या चिंबोऱ्या सापडतात त्या बहुतेक तिथेच. बोटी आल्या की बाया अशा चिंबोऱ्या वेगळ्या काढायच्या आणि बारकूबायच्या पाटीत टाकायच्या. पाटीत तळाला चिखल, वर ओलं गोणपाट. बाजार उठला की ती पाटी घेऊन गावामागे जायची, बंद पडलेल्या मिठागरांच्या पलीकडे, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, दाटीत. तिथे खाली बसून ती एकेकीची सुतळी सोडायची, पाठीवर हळदकुंकू लावायची, चार तांदूळ टाकायची आणि म्हणायची, "जा गो बाय. माहेरी आलीस. आता निवांत मोकळी हो."

चिंबोरी तिवरांत राहते, तिथल्याच बिळांत लहानाची मोठी होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. म्हणजे तिवर हे तिचं माहेर. अंडी आल्यावर ती खाडीच्या तोंडाशी कशी सापडते? सासरी अडकली असणार. मग तिला माहेरी पोचवायला नको? आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर दोन घरांत बोलणं बंद होतं. त्यामुळे बारकूबायचं म्हणणं ऐकून एकीलाही त्यात खोट दिसली नाही.

बारकूबायला स्वतःला माहेर नव्हतं. ती गोराईची. आई लहानपणी गेली, भावानं घर विकलं आणि तो कुठे गेला ते कळलं नाही. तिची चारही बाळंतपणं मुर्ध्यात सासूच्या हाताखाली झाली आणि प्रत्येक वेळी आठवड्याच्या आत ती मासळी वाळवायला अंगणात होती. हे आम्हाला ती इतक्या वेळा सांगायची की आम्हाला पाठ झालं होतं. ती "माझ्या नशिबात न्हाय," एवढं म्हणाली की पुढचं आम्हीच म्हणायचो.

एक मोठी चिंबोरी मला चांगली आठवते. तिचा एक नांगा कधीतरी तुटून नवा आलेला होता, दुसऱ्याच्या निम्माच. अंडी चांगली काळी झाली होती. बारकूबायला ती फार आवडली. सोडताना तिनं तिच्या मागच्या पायाला हिरवा दोरा बांधला, आपली म्हणून ओळखायला. काही दिवसांनी तिचा मुलगा नामदेव जाळी काढून धक्क्यावर आला तर जाळ्यात तीच. निम्मा नांगा, हिरवा दोरा. अंडी तशीच.

बारकूबायनं तिला दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणलं. "का गो? माहेरी कोण बोललं तुला? भावजय बोलली?"

सगळा धक्का हसला. तिनं त्या चिंबोरीला दमात घेतलं आणि त्याच दिवशी पुन्हा उचलून तिवरांत नेलं. या वेळी आणखी आत, जिथून गावचं सांडपाणी खाडीला मिळतं त्याच्याही पुढे, म्हणजे परत यायची वाटच सापडू नये.

हे सगळं पुष्कळ वर्षं चाललं. मग कोणीतरी त्याबद्दल कुठेतरी सांगितलं आणि निसर्गाचं काम करणाऱ्या लोकांनी बारकूबायचा सत्कार ठरवला.

सत्कार गावच्या समाजमंदिरात होता. शाल, नारळ, हार, आणि पाहुण्या म्हणून मासळीच्या कॉलेजातल्या एक मॅडम. बारीक अंगाच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मऊ. आम्ही सगळ्या बाजारवाल्या पुढे सतरंजीवर बसलो होतो. लीलाही आली होती. बारकूबाय मंचावर खुर्चीत बसली. ती कधी खुर्चीत बसत नसे, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

मॅडमनी पिशवीतून एक वाळलेलं कवच काढून दाखवलं. घोड्याच्या नालेसारखं गोल आणि मागे लांब काट्यासारखी शेपटी.

"हा ओडिशाच्या किनाऱ्यावरचा," त्या म्हणाल्या. "आपल्या बाजूला हा मिळत नाही. लोक खेकडा म्हणतात, पण हा विंचू आणि कोळ्यांच्या जवळचा. डायनासोर यायच्या आधीपासून हा असाच आहे. याचं रक्त निळं असतं."

"निळं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हो. आणि मोठ्या भरतीला मादी वाळूवर येते, नर तिच्या पाठीला धरून असतो. वाळूत खड्डा करून ती अंडी घालते. जाळ्यात गुरफटून पुष्कळ मरतात. काही कोळी त्यांना सोडवून पाण्यात टाकतात, म्हणून तर अजून दिसतात."

बारकूबायनं हात पुढे केला. मॅडमनी कवच तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटं करून नीट पाहिलं, जसं ती बाजारात पाहायची.

"म्हणजे बाळंत व्हायला काठाला येते," ती म्हणाली.

"बरोबर, आजी."

बारकूबाय खुर्चीतून उठली. "ऐकलंत गो? काठाला येते! निळ्या रगताची पण काठाला येते! मी काय सांगते इतकी वर्षं?" आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "मी पण माझ्या काठाला नेते. तोंडावर जाळ्यात सापडली की आत तिवरांत नेऊन सोडते. एक पण ठेवली न्हाय."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आत म्हणजे कुठे, आजी?"

"मिठागरांच्या पल्याड. पार आत."

"छान. आपण याबद्दल नंतर बोलूया हं, चहा घेताना."

"नंतर का?"

"तसं काही नाही आजी, निवांत बोलू."

बारकूबायनं मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावरून भाव ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. "मी कोणाला कोपऱ्यात नेऊन बोलले न्हाय," ती म्हणाली. "तू पण नको बोलू. त्या माइकात सांग."

मॅडम खरंच सांगायला तयार नव्हत्या. पण बारकूबाय माइक त्यांच्यापुढे धरून उभी राहिली. मग त्यांनी सांगितलं.

चिंबोरी तिवरांत वाढते, हे बरोबर. तिथेच मादी कात टाकते आणि अंग मऊ असताना नर तिला धरतो. पण लाख भरली की ती तिवरांत थांबत नाही. ती खाडी उतरून समुद्राकडे निघते. अंडी बाहेर येतात, काळी होतात आणि त्यातून पिल्लं सुटतात ती समुद्राच्या खाऱ्या पाण्यात. ती डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक असतात. खाडीच्या आतलं गोडसर, घाण पाणी त्यांना सोसत नाही. थोडी मोठी झाली की भरतीबरोबर ती आपली आपण तिवरांत येतात.

"तुम्हाला सापडते तेव्हा ती निघालेली असते, आजी," मॅडम म्हणाल्या. "बाहेर जायला."

"म्हणजे अडकलेली नसते."

"नाही."

"आणि मी तिला ओढून मागं नेते."

"काही परत चालत गेल्या असतील. त्या खूप चालतात."

तेव्हा सतरंजीवरून लीला म्हणाली, "गेली होती की एक! हिरव्या दोऱ्याची! पार तोंडापर्यंत गेली होती बिचारी. हिनं परत आणली आणि भावजयीचं विचारलं!"

सगळे हसले. आयोजक हसले, मागची पोरं हसली, आम्ही बाजारवाल्या तर तोंडात पदर घालून हसलो. जिनं आम्हाला इतकी वर्षं उभं करून बोलून घेतलं तिची एकदाची जिरली, असं त्या हसण्यात होतं. आमच्यातल्या एकीच्याही मनात चिंबोरी नव्हती.

बारकूबायनं हसणं संपू दिलं. मग तिनं मॅडमना विचारलं, "अंडी काळी झालेली असली तर?"

"तर अगदी थोडे दिवस राहिलेले असतात."

तिनं मान हलवली. नारळ मॅडमच्या हातात दिला. शाल काढायची मात्र राहिली. ती तशीच, उन्हाची, अंगावर शाल घेऊन गावातून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी लीलानं अंड्यांच्या दोन चिंबोऱ्या फळीवर उघड्या मांडल्या, झडप वर करून. कोणी काही म्हणालं नाही. आठवड्याभरात सगळ्या मांडायला लागल्या. बारकूबायची जागा रिकामी होती.

मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर जाळं सांधत बसली होती. मला बस म्हणाली नाही. मी बसले.

"त्या हिरव्या दोऱ्याचीचं काय झालं असंल गो?" तिनं विचारलं.

"मेली असेल," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"ती सांगत होती मला. दोनदा सांगितलं तिनं." जाळ्यातून तिनं डोकं वर काढलं नाही. "मी तिलाच दमात घेतली."

"तुला काय माहीत होतं?"

"लीलाला तरी काय माहीत होतं? तिला मी सोडली?"

मग तिनं मला सांगितलं की ती नामदेवशी बोलली आहे. जाळ्यात अंड्यांची आली की तिथेच पाण्यात टाकायची, किनाऱ्याला आणायचीच नाही. नामदेवनं ऐकलं. बाकीच्या बोटवाल्यांनी ऐकलं नाही. ते म्हणाले, तुझ्या आयसचं एकदा ऐकून झालं.

पुढच्या अमावस्येला ती बाजारात आली. आपल्या जागेवर उभी राहिली. पदर खोचला नाही. आवाजही तो नव्हता, मागच्या ओळीला ऐकू गेला नसेल.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "सोडत होते ते बरोबर होतं. जागा चुकली. आता माझ्याकडे द्या, मी उत्तनला नेऊन समुद्राला सोडते."

तिच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. बोंबलांनी भागण्यातलं हे नव्हतं, हे तिला कळलं होतं.

लीला सुरीला धार लावत होती. "कशाला?" ती म्हणाली. "तू सोडून मारल्यास, आम्ही विकून मारतो. आमच्या घरात चूल तरी पेटते."

"खरं हाय," बारकूबाय म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर ती रोज सकाळी प्रत्येकीच्या टोपलीपाशी जायची. वाकून, हळू आवाजात विचारायची, "हाय का गो एखादी?" ज्या बाईनं कधी सुईदोरा मागितला नाही, तिचं ते वाकणं बघवत नसे. कोणी द्यायचं, बहुतेक नाही म्हणायच्या. काही जणी असूनही नाही म्हणायच्या आणि तिला ते दिसायचं. ती पुढे जायची. लीलाच्या टोपलीपाशीही जायची. लीला तिला उभं ठेवून आधी गिऱ्हाईक करायची. एकदा मात्र लीलानं मान दुसरीकडे फिरवली आणि कचरा टाकावा तशी एक अंड्यांची चिंबोरी तिच्या पाटीत टाकली. बारकूबायनं तिच्याकडे न पाहता गोणपाट ओढून घेतलं. लीलानंही तिच्याकडे पाहिलं नाही.

बारकूबाय त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती तशीच. आता तिच्या जागेवर एक नवी मुलगी बसते. अंड्यांच्या चिंबोऱ्या फळीवर उघड्या असतात. गिऱ्हाईक विचारतं, हे काळं काय आहे, आणि मुलगी सांगते, धुऊन देते. कोणी उठून उभं राहत नाही. मी तिच्या शेजारीच बसलेली असते. मीही राहत नाही. काय खरं ते आता आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. बारकूबायला ते ठाऊक नव्हतं तेव्हा ती निदान उठत तरी होती.

पाटी घेऊन निघालेली मी तिला शेवटची पाहिली ती मुर्ध्याच्या बसथांब्यावर. तो त्याआधीचा उन्हाळा होता. मी भाईंदरला जायला उभी होते, ती उत्तनला. पायाशी पाटी, वर गोणपाट, आणि खाडीच्या पाण्यानं भरलेली एक प्लास्टिकची बाटली. वजन उतरलं होतं तिचं. ब्लाउज खांद्यावरून सुटत होता.

"किती?" मी विचारलं.

"तिघी. एक काळी हाय. आज पोचायला पाहिजे."

उत्तनची बस आली. ती पाटी घेऊन चढली आणि लगेच आतून ओरडा झाला, वास येतो म्हणून. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे चालणार नाही. खाली घ्या."

"बाळंतीण हाय रे बाबा. दोन हात जागा दे."

बसमधली माणसं हसली. कंडक्टरही हसला, पण पाटी त्यानं खाली घ्यायला लावली. पूर्वीची बारकूबाय असती तर ती बस तिथून हलली नसती. ती म्हणाली, "बरं, बाबा," आणि उतरली.

बस गेली. पुढची कधी येईल याचा नेम नव्हता आणि तीही घेईल याचा नव्हता. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, "हात लाव गो." एका बाजूनं मी, एका बाजूनं ती, अशी आम्ही पाटी चढवली. चिखल आणि ओलं गोणपाट, चांगलं जड होतं. तिचे गुडघे थोडे वाकले, मग सरळ झाले.

"चालत जाणार? उत्तनपर्यंत?"

"त्या जातातच की," ती म्हणाली आणि निघाली.

माझी बस यायला वेळ होता. ती राई गावाच्या दिशेनं रस्त्याच्या कडेनं जात होती, ट्रक आला की थांबत होती. मग तिनं वळणाच्या अलीकडे, एका बांधकामाच्या पत्र्यांपाशी, पाटी कशीबशी एकटीनं खाली उतरवली. गोणपाट उचललं, बाटलीतलं पाणी आत शिंपडलं, हात घालून पाहिलं. गोणपाट पुन्हा नीट घातलं.

तेवढ्यात भाईंदरची बस आली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. मागे वळून पाहिलं तर ती पाटीशेजारी उभी होती. रस्त्यावर दुसरं माणूस नव्हतं, आणि पाटी डोक्यावर चढवायला कोणी येतंय का म्हणून ती दोन्हीकडे बघत होती.